मशागत आणि राखण : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

ख्रिस्ती आध्यात्मिकता आणि सृष्टीची काळजी या विषयावर प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. सदराच्या रिवाजाप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि लांबलेली पत्रे संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही, परंतु बायबल वाचले आहे. त्याच्या पहिल्याच अध्यायात देव मनुष्याला पृथ्वी सत्तेखाली आणण्याची आणि सर्व प्राण्यांवर अधिकार चालवण्याची आज्ञा देतो. ज्या धर्माचा प्रारंभच असा आहे, त्याने आज पर्यावरणाविषयी बोलणे ही काळाची हवा पाहून केलेली सारवासारव नाही काय? (एक निवृत्त प्राध्यापक, पुणे)

उत्तर : आपला आक्षेप नवा नाही आणि हलकाही नाही. लिन व्हाइट या अमेरिकी इतिहासकारांनी मार्च १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात तो अतिशय ठसठशीतपणे मांडला होता. मध्ययुगीन तंत्रज्ञान हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. उत्तर युरोपात आठ बैलांनी ओढायचा जड नांगर आला, तेव्हा शेतकऱ्याचे जमिनीशी असलेले नातेच पालटले, आणि जमिनीवर अशी जबरदस्ती करण्यात काही वावगे नाही असे वाटायला लावणारी मनोभूमी पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्माने तयार केली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हा लेख अनेक जण उद्धृत करतात, मात्र त्याच्या शेवटापर्यंत फारसे कोणी जात नाही. व्हाइट स्वतः ख्रिस्ती होते, आणि इटलीतील असिसीचे तेराव्या शतकातील संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत मानावे, अशी सूचना करूनच त्यांनी लेख संपवला होता. पुढे बारा वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९७९ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी नेमकी तीच घोषणा केली.

आता मूळ वचनाकडे वळू. बायबलमधील उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील ‘कबश’ आणि ‘रादा’ हे दोन हिब्रू शब्द सौम्य नाहीत. पहिल्यात नमवण्याचा आणि दुसऱ्यात राज्य करण्याचा अर्थ आहे. काही उत्साही भाष्यकार या शब्दांना ओढून-ताणून ‘प्रेमाने सांभाळणे’ असा अर्थ चिकटवतात. मला ते प्रामाणिकपणाचे वाटत नाही. राज्य करणे म्हणजे राज्य करणेच. परंतु बायबलच्या दृष्टीने चांगले राज्य कोणते आणि वाईट कोणते, हे बायबललाच विचारले पाहिजे. बहात्तराव्या स्तोत्रात हाच ‘रादा’ शब्द येतो, आणि तिथला राजा कापलेल्या गवतावर पडणाऱ्या पावसासारखा असून दुबळ्यांचा कैवार घेणारा आहे. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायातही हाच शब्द आहे. तिथे कळपावर जुलमाने ‘राज्य’ करणाऱ्या मेंढपाळांची देव कडक शब्दांत हजेरी घेतो. त्याच अध्यायात पुढे एक प्रश्न आहे, जो मला संपूर्ण बायबलमधील सर्वांत आधुनिक प्रश्न वाटतो. तुम्ही चांगल्या कुरणात चरता एवढ्याने भागत नाही, म्हणून उरलेले कुरण पायांखाली तुडवता काय? स्वच्छ पाणी तुम्ही प्यालात, मग राहिलेले पाणी पायांनी गढूळ कशाला करता? नदीच्या वरच्या अंगाला कारखाना आणि खालच्या अंगाला गाव अशी जिथे जिथे स्थिती आहे, तिथल्या प्रत्येक ग्रामसभेत हे वचन वाचून दाखवावे अशा योग्यतेचे आहे.

दुसरी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. ‘फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा’ हा आशीर्वाद मनुष्याला सृष्टिनिर्मितीच्या सहाव्या दिवशी मिळाला. त्याच्या आदल्या दिवशी तो मासे आणि पाखरे यांना मिळाला होता. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, ती माशांच्या विणीच्या हंगामासाठी. ही बंदी मोडून बारीक आसाची जाळी टाकणारा माणूस सरकारी नियम तर मोडतोच, शिवाय स्वतःच्या जातीला आशीर्वाद मिळण्यापूर्वी माशांना मिळालेल्या आशीर्वादाच्या आड येतो.

दुसऱ्या अध्यायात सूर बदलतो. देव मनुष्याला एदेन बागेत ठेवतो, तो बागेची मशागत आणि राखण करण्यासाठी. मराठी अनुवादकांनी निवडलेले हे दोन शब्द मला फार आवडतात, कारण ते आपल्या शेतातले आहेत. मूळ हिब्रूत ‘आबद’ आणि ‘शामर’ असे धातू आहेत. ‘आबद’ म्हणजे कष्ट करणे, आणि त्याच धातूपासून देवाची सेवा, उपासना असाही अर्थ निघतो. बायबलमधील गणना या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात याजकांच्या मदतनीस लेवी लोकांनी निवासमंडपात, म्हणजे उपासनेच्या तंबूत, करायच्या सेवेसाठी हीच जोडी वापरली आहे. म्हणजे बागेत निंदणी करणारा आदाम आणि मंदिरात सेवा करणारा याजक हे दोघे एकच काम करीत आहेत. ‘शामर’चा प्रवास तर याहून लांबचा आहे. ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे रक्षण करो’ या सुपरिचित आशीर्वचनात हाच धातू आहे. आणि भावाचा खून करून आलेला काइन ‘मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय?’ असे विचारतो, तिथेही हाच आहे. त्याला मिळालेले उत्तर असे, की तुझ्या भावाचे रक्त जमिनीतून माझ्याकडे ओरडत आहे. भावाची राखण टाळली, तेव्हा साक्ष द्यायला जमीन उभी राहिली.

राहिला सारवासारवीचा मुद्दा. त्यात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या राष्ट्रांनी वसाहतींतील जंगले तोडली, तेव्हा त्यांच्या व्यासपीठांवरून क्वचितच कोणी दुसऱ्या अध्यायाची आठवण करून दिली. ऑर्थोडॉक्स चर्चचे कॉन्स्टँटिनोपल येथील प्रमुख धर्मगुरू (पॅट्रिआर्क) दिमित्रिओस यांनी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून ठरवला तो १९८९ मध्ये. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे सृष्टीच्या काळजीविषयीचे परिपत्रक आले ते २०१५ मध्ये. चर्चला उशिरा जाग आली, परंतु जाग आल्यावर तिने जे वाचले ते आधीपासून तिच्याच पुस्तकात होते, एवढाच माझा दावा आहे.

प्रश्न : वसईत आमच्या वाडीला लागून तिघा भावांच्या मालकीचे एक बावखल आहे. ते बुजवून जागा विकावी, असा दोन भावांचा आग्रह असून चांगला भावही मिळत आहे. मी विरोध केला, तेव्हा ‘धर्माचा संबंध आत्म्याशी, त्याला चिखलात ओढू नकोस’ असे मला ऐकवण्यात आले. खरोखरच या व्यवहारात श्रद्धेला काही म्हणायचे असते का? (एक वाचक, वसई)

उत्तर : अन्य भागांतील वाचकांसाठी आधी थोडा खुलासा करतो. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचे खोदीव तळे. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर, अशा चौकटीत बसलेल्या या पट्ट्यात पूर्वजांनी वाडीवाडीत अशी तळी राखली. पावसाचे पाणी त्यांत साठते, जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींना पुरते. समुद्रकाठच्या भूगर्भात गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून एक मीटर उंच राहिली, तर तिच्या वजनाने खारे पाणी सुमारे चाळीस मीटर खाली दाबलेले राहते, असा जलशास्त्रातील ढोबळ हिशेब आहे. पातळी उतरली की त्याच हिशेबाने खारे पाणी वर चढू लागते आणि विहिरी मचूळ होतात. तेव्हा बावखल बुजवणे हा तीन भावांमधील व्यवहार राहत नाही. ज्यांची सही कोणी मागितलेली नाही, अशा शेजारच्या विहिरींचे मालकही त्यात गोवले जातात. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला आणि लोकलगाड्या बंद पडल्या, ते दिवस आपल्या भावांनाही आठवत असतील. पावसाच्या पाण्याची थांबण्याची जागा काढून घेतली, तर ते दुसरी जागा शोधते.

आता श्रद्धेविषयी. आपल्या भावांचा युक्तिवाद ऐकायला धार्मिक वाटतो, परंतु तो ख्रिस्ती नाही. देवाचा शब्द येशूच्या रूपाने देह झाला असे मानणारा, भाकर आणि द्राक्षारस वेदीवर ठेवणारा, पाण्याने बाप्तिस्मा घेणारा आणि देहाच्या पुनरुत्थानाची आशा बाळगणारा हा धर्म आहे. त्यातून चिखल वगळला, तर फारसे काही शिल्लक राहत नाही. येशूने एका जन्मांधाला दृष्टी दिली, तीही मातीत थुंकून केलेल्या चिखलाने.

बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात जमिनीच्या विक्रीसंबंधी थेट नियम आहे. जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे आणि तुम्ही माझ्याकडे उपरे म्हणून राहत आहात, असे परमेश्वर सांगतो. आपल्या भाषेत बोलायचे तर सातबारा देवाच्या नावावर आहे आणि इस्राएल हे कूळ आहे. (महाराष्ट्रात कूळकायद्याने अनेक कुळे मालक झाली, आणि ते योग्यच झाले. लेवीयाच्या कायद्यात मात्र तशी तरतूद नाही.) या नियमाची खरी परीक्षा नाबोथाच्या गोष्टीत होते. इस्राएलच्या अहाब राजाला राजवाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो, तोही भाजीपाल्याची बाग करण्यासाठी. तो लगेच दांडगाई करीत नाही. याहून चांगला मळा देतो किंवा रोख किंमत देतो, असा रीतसर आणि वाजवी प्रस्ताव तो ठेवतो. वाडवडिलांचे वतन मी देणार नाही, असे नाबोथ सांगतो आणि त्यापायी प्राणाला मुकतो. पुढे एलीया संदेष्टा राजाला जाब विचारायला जातो, तो त्याच मळ्यात. नाबोथाला आपण हुतात्मा म्हणत नाही, कारण तो ‘केवळ’ जमिनीसाठी मेला. मला हे वगळणे बरोबर वाटत नाही.

कॅथलिक शिकवणीत यासाठी एक नेमका शब्दप्रयोग आहे. प्रत्येक खासगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ मध्ये मेक्सिकोत म्हटले होते आणि ‘लाउदातो सी’च्या त्र्याण्णवाव्या परिच्छेदात पोप फ्रान्सिस यांनी त्याचा पुनरुच्चार केला. मालकी नाकारलेली नाही. मालकी गहाणासकट मिळते, एवढेच सांगितले आहे.

आपण वसईचे असल्यामुळे हेही आठवून द्यावेसे वाटते, की या प्रश्नावर श्रद्धेने काय करावे याचे उत्तर शोधायला आपल्याला रोमला जाण्याची गरज नाही. वसईची हिरवाई आणि पाणी राखण्यासाठीच्या ‘हरित वसई’ चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले, तेव्हा धर्मगुरूने प्रवचन करावे, जमिनी आणि पाण्याच्या भानगडीत पडू नये, हे त्यांनाही ऐकावे लागले. त्या झग्यातला माणूस २०२० मध्ये उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसला, तेव्हा अनेकांना त्याचा अभिमान वाटला. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले आणि श्रद्धांजलीच्या सभांत सर्वांनी ‘हरित वसई’चा गौरवाने उल्लेख केला. गौरव करणे सोपे असते, कारण त्यासाठी कोणाला विक्रीचा प्रस्ताव परत करावा लागत नाही.

मात्र आपल्यावर एकट्यावर हा भार टाकून मोकळे होणे मला अप्रामाणिकपणाचे वाटेल. आपल्या भावांच्या घरी मुलांची शिक्षणे असतील, आजारपणे असतील, आणि ज्या पाण्याचा लाभ साऱ्या वाडीला होतो ते राखण्याची किंमत एकाच कुटुंबाने का द्यावी, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून हा विषय घराच्या ओटीवरून धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक समाजाच्या, सभेत न्यावा. कोणत्या विहिरी या बावखलावर अवलंबून आहेत, याची नोंद वाडीने मिळून करावी. गाळ काढण्याचा खर्च वाटून घेता येतो. भावांचा हिस्सा टप्प्याटप्प्याने विकत घेण्याची तयारी असलेले शेजारी असू शकतात. कायद्याची बाजू जाणकार वकिलाकडून समजून घ्यावी, कारण जलस्रोत बुजवण्याला अनेकदा परवानगीच नसते आणि ‘चांगला भाव’ देणारा गृहस्थ ते सांगत नाही. आणि धर्मग्रामाने आपल्याला उपदेश करण्यापूर्वी स्वतःच्या आवाराकडेही पाहावे. चर्चसमोरचे अंगण पेव्हर ब्लॉकने बंद करून, पावसाचा थेंबही मुरणार नाही अशी व्यवस्था करून मग सृष्टीवर प्रवचन झाले, तर लोक खाली पाहून हसतात.

एक शेवटची गोष्ट. मुंबई-वसईच्या परिसरातील ईस्ट इंडियन या नावाच्या स्थानिक ख्रिस्ती समाजात ऑक्टोबरमध्ये अगेराचा सण होतो. नव्या भाताच्या लोंब्या मिरवणुकीने चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद मागितला जातो. त्या दिवशी आपल्या भावांना सोबत घेऊन जावे आणि लोंबी कोणत्या शेतातून आली, एवढेच विचारावे.

प्रश्न : संत फ्रान्सिस सूर्याला भाऊ आणि पृथ्वीला माता म्हणतात. आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, काही वडीलधारी माणसे म्हणतात, की ही निसर्गपूजा झाली आणि ख्रिस्ती माणसाने ती टाळावी. (एक युवक, नाशिक)

उत्तर : त्यांची भीती समजण्यासारखी आहे, पण या ठिकाणी ती अस्थानी आहे. हे शब्द ज्यात आहेत ते स्तोत्र फ्रान्सिस यांनी १२२५ मध्ये असिसीजवळच्या सान दामियानो चर्चच्या आवारात रचले, तेव्हा ते जवळजवळ आंधळे झाले होते. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना उजेड सोसत नसे, आणि झोपडीत उंदरांचा इतका सुळसुळाट होता की रात्री विश्रांती मिळत नसे. अशा अवस्थेत, ज्याच्याकडे डोळे उघडून पाहता येत नव्हते त्या सूर्याला त्यांनी ‘माझा धनी भाऊ’ म्हटले. पाण्याला त्यांनी उपयोगी, नम्र, मोलाची आणि निर्मळ बहीण म्हटले. रचनेचा सारा रोख मात्र ‘हे माझ्या प्रभो, तुझी स्तुती असो’ या पालुपदाकडे आहे. ‘लाउदातो सी’ हे परिपत्रकाचे नाव तिथूनच आले. सूर्याची पूजा करणारा सूर्याला भाऊ म्हणत नाही. एकाच पित्याची लेकरे असल्याशिवाय भाऊ हे नाते लागत नाही. म्हणजे ‘भाऊ’ या एका शब्दातच निर्माता वेगळा आणि सृष्टी वेगळी हे आले, आणि आपण तिचे मालक नसून नातेवाईक आहोत हेही आले. वृक्षवल्लींना सोयरे म्हणणाऱ्या भूमीत वाढलेल्या मराठी ख्रिस्ती माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत, आणि त्यांना लोक फुला-मुलांचे कवी म्हणत. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असाव्यात, हा योगायोग नसावा.

फ्रान्सिस केवळ गोड बोलणारे नव्हते, हेही आपल्या वडीलधाऱ्यांना सांगावे. त्यांचे आद्य चरित्रकार सेलानोचे थॉमस यांनी नोंदवले आहे, की लाकडे तोडणाऱ्या बंधूंना ते झाड बुडापासून तोडू देत नसत, पुन्हा फुटवा येण्याची आशा राहावी म्हणून. मठाच्या बागेत एक तुकडा भाजी न लावता राखून ठेवावा, तिथे रानगवत आणि रानफुले आपापल्या वेळी उगवावीत, असाही त्यांचा आग्रह असे. प्रत्येक इंचाचे उत्पन्न काढण्याच्या हव्यासावर इतका साधा उपाय मला दुसरा ठाऊक नाही.

इथिओपियाच्या उंचवट्यावरील ऑर्थोडॉक्स चर्चेसची आठवणही या संदर्भात होते. दक्षिण गोंदर भागात शेती आणि गुरांच्या चराईमुळे जवळजवळ सारे जंगल गेले. विमानातून पाहिले तर पिवळ्या शेतांच्या मधोमध हिरवे गोल ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी एक चर्च असते. झाडांवाचून चर्च म्हणजे वस्त्रावाचून देह, अशी तिथली समजूत. गुरे आत शिरून रोपे खाऊ लागली, तेव्हा अलेमायेहू वासिए या वनशास्त्रज्ञाने धर्मगुरूंना हाताशी धरले आणि शेतातले दगड गोळा करून अशा कित्येक वनांभोवती कुंपणभिंती उभ्या राहिल्या. आपल्या देवरायांशी याचे साम्य उघड आहे. परंतु तिथे कोणी झाडाला देव मानत नाही. देवाच्या घराला सावली असावी, एवढेच मानतात.

प्रश्न : पेत्राच्या दुसऱ्या पत्रात म्हटले आहे, की प्रभूच्या दिवशी पृथ्वी व तिच्यावरील कामे जळून जातील. जे जळणारच आहे, ते वाचवण्यात वेळ का घालवावा? त्यापेक्षा आत्मे वाचवावेत, असे आमचे पाळक (धर्मगुरू) म्हणतात. (एक भगिनी, अहिल्यानगर)

उत्तर : हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. तिसऱ्या अध्यायातील त्या दहाव्या वचनाचा पाठच वादग्रस्त आहे. काही हस्तलिखितांत ‘जळून जाईल’ असा शब्द आहे. परंतु सिनाइटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातील दोन मान्यवर प्रतींत ‘ह्यूरेथेसेताइ’ असे क्रियापद आहे, ज्याचा शब्दशः अर्थ ‘आढळून येईल’ असा होतो. आग ही इथे सोनाराच्या मुशीसारखी आहे. तिच्यातून गेल्यावर पृथ्वी आणि तिच्यावर झालेली कामे उघडी पडतील, जशी असतील तशी दिसतील. ‘जळून जाईल’ या पाठाने आपण सुटतो. ‘आढळून येईल’ या पाठाने आपला हिशेब होतो. त्याच अध्यायात नव्या पृथ्वीची जी आशा सांगितली आहे, तिच्यासाठी ‘काइनोस’ हा शब्द आहे. कालक्रमाने नव्यासाठी ग्रीकमध्ये ‘नेओस’ हा वेगळा शब्द आहे, आणि ‘काइनोस’चा रोख नवेपणाच्या प्रतीकडे, नव्या झळाळीकडे असतो, असे अनेक अभ्यासक सांगतात. प्रकटीकरण या बायबलच्या अखेरच्या पुस्तकाच्या शेवटी माणसे वर जात नाहीत. नवी यरुशलेम नगरीच स्वर्गातून खाली उतरते. आणि त्याच पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात न्यायाची वेळ सांगताना पृथ्वीची नासाडी करणाऱ्यांचा नाश होईल, असे स्पष्ट वचन आहे, जे पाळकांना अवश्य दाखवावे.

आत्मे वाचवण्याविषयी इतकेच, की पौल रोमकरांस लिहितो तेव्हा सारी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत आहे आणि ती देवाच्या लेकरांच्या प्रकट होण्याची वाट पाहत आहे, असे म्हणतो. ती वाट पाहत असताना लेकरांनी तिच्याकडे पाठ फिरवावी, असे त्याने कुठेही म्हटलेले नाही. नगर जिल्ह्याने जे दुष्काळ पाहिले आहेत, ते पाहिलेल्या माणसाला पाणी आणि आत्मा यांचा संबंध पुस्तकातून समजावून सांगण्याची वेळ येऊ नये.

प्रश्न : आमच्या मंडळीत दरवर्षी ५ जूनला पन्नास रोपे लावली जातात, छायाचित्रे घेतली जातात आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपे लावली जातात. यातून बाहेर कसे पडावे? (युवक संघाचा एक सचिव, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपण हे मोकळेपणाने लिहिलेत, याबद्दल आपले आभार. बहुतेक मंडळ्या लिहीत नाहीत. पन्नासऐवजी पाच रोपे लावावीत, आणि तीही वड, कडुनिंब, करंज, चिंच अशी आपल्या मातीत टिकणारी. गणतीचा दिवस मात्र ५ जून ठेवू नये. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ अनेक मंडळ्या आता सृष्टीचा उपासनाकाळ म्हणून पाळतात आणि त्याचा अखेरचा दिवस संत फ्रान्सिस यांच्या सणाचा असतो. त्या दिवशी मागील वर्षीची किती रोपे जगली, याचा आकडा उपासनेत वाचून दाखवावा, वर्गणीचा हिशेब वाचतात तसा. पहिल्या वर्षी शरमेने मान खाली जाईल. त्याला इलाज नाही. मंडळीत हंगामाच्या सणाला अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होत असेल, तर त्यातील काही रक्कम पाण्याच्या टँकरसाठी बाजूला काढून ठेवावी. आणि मे महिन्यात या रोपाला पाणी कोण घालणार, त्याचे नाव खड्डा खणण्यापूर्वी वहीत लिहून घ्यावे. नाव मिळाले नाही, तर खड्डा खणू नये.